खिडकीत कोण होतं?

पहाटे चार वाजून सात मिनिटं.
न्यू बेडफर्डच्या आमच्या गल्लीतून बर्फ खरवडणारी गाडी गेली,
पडद्यावरचं चक्र तेवढ्याच सावकाशीनं फिरतंय.
‘आपल्या पुढे ११,४०२ जण आहेत.’
कॉफी करून आले तर ११,४१९.
रांग मागे कशी सरकते?
कुणी मधे घुसलं म्हणून भांडावं
तर खांदा कोणाचा धरायचा?

आईचं नाव देओलिंदा दा कामारा.
आमच्या लिपीत कामाराच्या पहिल्या स्वरावर
एक इवलंसं छप्पर असतं.
साइट म्हणते, नावात अवैध अक्षर.
छप्पर काढलं.
आता म्हणते, नाव कार्डाशी जुळत नाही.
कापडगिरणीत सव्वीस वर्षं पगाराच्या पाकिटावर
हे नाव तीन तऱ्हांनी चुकलं
आणि तिन्ही हाकांना तिनं ओ दिली.
छप्पर जाऊ दे, फोनवर म्हणते,
खालचं डोकं राहिलं म्हणजे झालं.

बाबांच्या जन्मतारखा दोन.
चर्चच्या वहीत फेब्रुवारी, जहाजाच्या कागदावर मे,
थोरल्या भावानं घाईत सांगितली ती.
एकोणीसशे अडतीसपर्यंत पोचायला
वर्षं बोटानं ओढत न्यावी लागतात:
ते बोटीवरून पडून बुडता बुडता वाचले, ते गेलं,
माझा जन्म गेला,
साओ मिगेल बेट सोडलं ते गेलं,
मग नुसतीच वर्षं,
ज्यांच्याबद्दल मी कधी विचारलं नाही.
अडतीसवर बोट टेकवलं आणि पान गेलं.
‘आपलं सत्र संपलं आहे.’
ऐंशी ओलांडलेल्या माणसासाठी
हे वाक्य कुणी लिहिलं असेल?

पाचव्या दिवशी जागा दिसली. एकच.
फॉल रिव्हर, गुरुवार, दुपारी दोन चाळीस.
उलटं घड्याळ सुरू, नऊ मिनिटं.
दोघांना स्पीकरवर घेतलं ही माझी चूक.
ते म्हणे तिचं घाल, तिला दमा आहे.
ती म्हणे त्याचं घाल, हा रोज धक्क्यावर जातो
आणि मास्क हनुवटीला लावतो.
मग जुंपलीच त्यांची,
छप्पन्न वर्षांचं ठेवणीतलं भांडण, पोर्तुगीजमधून,
त्यात मी नव्हते, लस नव्हती,
एकाहत्तर साली विकलेलं एक शिवणयंत्र होतं.
चार मिनिटं. दोन.
अहो, ऐका ना, मी ओरडले.
जागा गेली.
बराच वेळ तिकडून नुसता श्वास.
मग बाबा म्हणाले,
असो, कुणा गरजवंताला मिळाली असेल.

पुढे दोन मिळाल्या. कशा, ते मलाही सांगता येणार नाही.
रात्री अडीच, तेच बटण, तोच चाळा,
आणि एकाएकी हिरवी खूण. पुन्हा एक.
मी अंधारात उठून उभी राहिले,
घरात मोठं कुणी आल्यासारखी.

बाबांनी एवढंच विचारलं, खिडकीत कोण होतं?
कुठली खिडकी?
अगं, ज्यानं काम केलं तो. नाव काय त्याचं?
त्यांच्या हिशेबी प्रत्येक सरकारी कागदामागे
एक माणूस बसलेला असतो, चष्मा कपाळावर सारून,
चार खेपांना नाही म्हणतो
आणि पाचव्या खेपेला शिक्का मारतो.
त्याला विसरायचं नसतं.
कोणी नव्हतं बाबा, मी म्हटलं.
ते हसले. पोरगी नाव लपवतेय.

शनिवारी आईनं
लिंबाची साल किसून घातलेला गोड पाव भाजला,
फडक्यात बांधला,
आणि शाळेच्या जिममध्ये, बाही वर करण्याआधी,
टेबलामागच्या पोराच्या हातात दिला.
तो गांगरला. पाव कुठे ठेवावा कळेना,
मांडीवर घेतला,
आणि कार्डावर नाव लिहू लागला.
आई वाकली,
त्याच्या पेनाजवळ बोट नेऊन म्हणाली,
इथे.
इथे एक छप्पर असतं.